नेटवर्क प्रिंटरची रांग अडकली, तर ती मोकळी कशी करावी

प्रिंट येत नाही म्हणून पुन्हा पुन्हा कमांड देऊ नका. रांग सुटली की त्या सगळ्या प्रती एकदम बाहेर पडतात. आधी जॉब (छपाईसाठी पाठवलेले काम) कुठे अडकला आहे ते बघा: तुमच्या संगणकावर, प्रिंटर शेअर करणाऱ्या संगणकावर की थेट प्रिंटरवर.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स असे जाऊन आपला प्रिंटर निवडा आणि 'ओपन प्रिंट क्यू' दाबा. रांग रिकामी असेल, तर जॉब संगणकाने पुढे पाठवलेला आहे. आता प्रिंटरचा पडदा पाहा. आपल्याकडे नेहमीचे कारण म्हणजे कागदाचा आकार. फाइल 'लेटर' या अमेरिकी आकारावर बेतलेली आणि ट्रेमध्ये ए४, म्हणून प्रिंटर दिवा लुकलुकवत लेटर कागदाची वाट पाहतो, आणि मागचे सगळे खोळंबतात. जॉब रद्द करा, फाइलमध्ये ए४ निवडा, पुन्हा पाठवा.

रांगेत जॉब दिसत असेल, तर तो निवडून 'कॅन्सल' करा. शेअर केलेल्या प्रिंटरवर साधारणपणे स्वतःचाच जॉब काढता येतो; दुसऱ्याचा काढायला 'मॅनेज डॉक्युमेंट्स'ची परवानगी लागते.

'डिलीटिंग' असे लिहून येते आणि जॉब हलतच नाही, तेव्हा स्पूलर (जॉब साठवून प्रिंटरकडे पाठवणारी विंडोजची सेवा) साफ करावा लागतो. त्यासाठी अ‍ॅडमिनचे अधिकार हवेत.

१. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधून उघडा. 'प्रिंट स्पूलर'वर राइट क्लिक करून 'स्टॉप' करा.
२. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या क्रमाने जा. आतल्या फाइल्स डिलीट करा, फोल्डर मात्र राहू द्या.
३. सर्व्हिसेसमध्ये परत येऊन स्पूलर 'स्टार्ट' करा.

यात त्या संगणकावरच्या सगळ्याच प्रिंटरांचे थांबलेले जॉब जातात. तोच संगणक प्रिंटर शेअर करत असेल, तर सहकाऱ्यांचेही. आधी विचारून घ्या. स्पूलर चालू असताना त्या फाइल्स 'वापरात आहेत' म्हणून निघत नाहीत, त्यामुळे पहिली पायरी गाळू नका.

प्रिंटर सुरू असूनही 'ऑफलाइन' दिसतो, याचे कारण बऱ्याचदा बदललेला आयपी पत्ता (नेटवर्कवरचा प्रिंटरचा क्रमांक) असतो. राउटर किंवा प्रिंटर बंद-चालू झाला की राउटर नवा पत्ता देऊ शकतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर पाठवत राहतो. प्रिंटरच्या नेटवर्क मेनूतला पत्ता आणि 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मधल्या 'पोर्ट्स' टॅबवरचा पत्ता जुळवून पाहा. वेगळे असतील, तर 'अ‍ॅड पोर्ट'मधून नवा 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' जोडा. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवला, की हा त्रास पुन्हा होत नाही. पत्ते जुळत असूनही ऑफलाइनच दिसत असेल, तर 'कॉन्फिगर पोर्ट'मधली 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची खूण काढून बघा.

एखादीच पीडीएफ दर वेळी अडकत असेल, तर दोष रांगेचा नाही. अ‍ॅडोबी रीडरमध्ये प्रिंट, अ‍ॅडव्हान्स्ड, 'प्रिंट अ‍ॅज इमेज' निवडा. छपाई हळू होईल, पण बहुतेक वेळा होते.