सगळ्यांना तेच चुकीचं आठवतंय? मग असं तपासा

२१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध प्यायला तो दिवस. मला अगदी लख्ख आठवतंय, मी आईचं बोट धरून देवळाच्या रांगेत उभा होतो, हातात स्टीलची वाटी, आणि सोंडेला लावलेल्या चमच्यातलं दूध हळूहळू कमी होत गेलं. माझ्या दोन्ही मावसभावांनाही मी तिथे असल्याचं आठवतं. फक्त आई म्हणते की त्या आठवड्यात तुला गोवर आला होता, तू उंबरा ओलांडला नाहीस, आणि नंतर माळ्यावरच्या ट्रंकेत शाळेची डायरी सापडली, त्यात तिच्या हातची रजेची चिठ्ठी, तारखेसकट. म्हणजे आम्ही तिघेही चूक.

अनेकांना एकच चुकीची गोष्ट आठवते, याला जगभर मंडेला इफेक्ट म्हणतात. फिओना ब्रूम नावाच्या अमेरिकन लेखिकेला नेल्सन मंडेला जेलमध्येच वारल्याचं आठवत होतं, अजूनही बऱ्याच जणांना तसंच आठवत होतं, त्यावरून हे नाव पडलं. प्रत्यक्षात मंडेला ११ फेब्रुवारी १९९० ला सुटले, १९९४ ला राष्ट्राध्यक्ष झाले आणि ५ डिसेंबर २०१३ ला गेले. आता तुमच्या घरात किंवा मित्रांमध्ये असं काही निघालं तर काय करायचं ते सांगतो, मी बऱ्याच चुका करून शिकलोय.

सगळ्यात आधी तोंड बंद ठेवायचं. खरंच. ग्रुपवर "अरे तुम्हाला पण आठवतंय ना की..." असं टाकलंत की संपलं, पहिल्याचं उत्तर वाचून दुसऱ्याची आठवण तयार होते. प्रत्येकाला वेगळं विचारा, कागदावर लिहून घ्या आणि प्रश्न मोकळा ठेवा, म्हणजे "त्या दिवशी काय झालं?" एवढंच. प्रश्नाच्या शब्दांनी किती फरक पडतो ते एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवलं. लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली, ५० जणांना विचारलं गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता, दुसऱ्या ५० जणांना विचारलं गाड्यांचा चक्काचूर झाला तेव्हा वेग किती होता. आठवड्याने विचारलं फुटलेली काच दिसली का, तर पहिल्या गटात ७ जण हो म्हणाले आणि दुसऱ्या गटात १६. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती!

नेदरलँड्सचं उदाहरण तर अजून जबरदस्त आहे. ४ ऑक्टोबर १९९२ ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये एक मालवाहू विमान इमारतीवर कोसळलं. काही महिन्यांनी संशोधकांनी लोकांना विचारलं, विमान आदळतानाची टीव्हीवरची फिल्म पाहिली का? निम्म्याहून जास्त लोक हो म्हणाले. अशी फिल्म अस्तित्वातच नव्हती. बातम्या, नंतरचे फोटो, शेजाऱ्यांच्या गप्पा, सगळं मिळून डोक्यात एक फिल्म तयार झाली होती. हे लोक खोटं बोलत नव्हते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

मग मूळ वस्तू शोधा. नेटवर कोणीतरी परत टाकलेला फोटो चालत नाही, एडिट केलेले ढिगाने फिरतात. वाचनालयातल्या जुन्या पेपरच्या फायली, घरातली पत्रं, बिलं, त्या वस्तूचं तेव्हाचं वेष्टन असलं तर उत्तम. मंडेलांच्या बाबतीत तर आपल्याकडेच पुरावा आहे, ते १९९० च्या ऑक्टोबरमध्ये भारतात आले होते आणि त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं.

पण "बघ, तू चूक" म्हणून इथे थांबू नका, खरी मजा पुढे आहे. ही आठवण कशाकशातून शिवली गेलीय ते शोधा. स्टीव्ह बिको हा दक्षिण आफ्रिकेतलाच नेता, तो १९७७ मध्ये पोलीस कोठडीत मेला. मंडेलांना १९८८ मध्ये जेलमध्ये असताना टीबी झाला होता, त्याच वर्षी त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसासाठी लंडनमध्ये प्रचंड मोठी कॉन्सर्ट झाली. लांबून, अर्धवट कान देऊन हे सगळं ऐकलेल्या माणसाच्या डोक्यात "जेल, आजार, मृत्यू, गर्दी" याची एकच बातमी झाली तर नवल काय?

चित्रांचं मात्र वेगळं असतं. पोकेमॉन कार्टूनमधल्या पिवळ्या पिकाचूच्या शेपटीचं टोक काळं होतं असं खूप जण छातीठोक सांगतात, नव्हतं, काळी टोकं फक्त कानांना आहेत. शिकागो विद्यापीठात २०२२ मध्ये ४० चित्रं घेऊन अभ्यास झाला, त्यात ७ चित्रांबाबत लोक मोठ्या संख्येने एकच ठरावीक चूक करत होते, पिकाचू त्यातलाच. फोक्सवॅगनचा लोगोही त्यात होता, त्यातल्या वरच्या आणि खालच्या अक्षरामध्ये फट आहे, चाकणला त्यांचा कारखाना असूनही आपल्याला तरी कुठे आठवते ती. आणि या सातही चुकांना लागू पडेल असं एकच कारण त्या अभ्यासात मिळालं नाही, त्यामुळे तुम्हीही एकाच कारणावर अडून बसू नका.

आता हे का होतं याच्या थिअऱ्या. समांतर विश्व, टाइमलाइन बदलली, आपण सिम्युलेशनमध्ये म्हणजे कॉम्प्युटरने बनवलेल्या आभासी जगात आहोत, आणि सगळ्यात लाडकी म्हणजे सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेची. जिनिव्हाजवळचं तिचं कणांची टक्कर घडवणारं मोठं यंत्र सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झालं आणि विश्वच सरकलं म्हणे, पुरावा काय तर सर्नच्या आवारात नटराजाची मूर्ती आहे. अहो ती मूर्ती भारत सरकारने २००४ मध्ये भेट दिलीय! अशी थिअरी समोर आली की हसू नका, दोन प्रश्न विचारा. विश्व बदललं असेल तर फरक नेमके लोगो, स्पेलिंग, डायलॉग असल्या न बघता बघितलेल्या गोष्टींतच का सापडतात, स्वतःच्या घराचा जिना कधी उजवीकडून डावीकडे का जात नाही? आणि ज्यांनी १९९४ ला लांबच लांब रांगा लावून मंडेलांच्या पक्षाला मत दिलं, त्यांची आठवण काय सांगते?

आणि ज्याची आठवण चुकलीय त्याला चारचौघांत पाडू नका, विशेषतः घरातल्या म्हाताऱ्या माणसांना. आठवण चुकीची असली तरी त्यातलं प्रेम, भीती, तो दिवस, हे त्यांचं खरं असतं. एकट्यात बसा, चहा घ्या, "कोणाकडून ऐकलं होतं हो हे पहिल्यांदा?" एवढंच विचारा.

मी मावसभावांना असंच वेगवेगळं विचारलं. एक म्हणाला माझ्या हातात वाटी होती, दुसरा म्हणाला तांब्या. दोघांनाही मी रांगेत नेमका कोणाच्या मागे होतो ते सांगता आलं नाही. मग मावशीला फोन केला, ती दर गणपतीत हा किस्सा सांगते, आणि आत्ताही तिने सुरुवात तशीच केली, "सगळ्या पोरांना घेऊन गेले होते बघ मी देवळात..."