किराणा दुकान टाकताय? मग आधी माल फिरवायला शिका

दुकान टाकायचंय म्हणून कोणी ना कोणी विचारायला येतंच, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "मार्जिन किती सुटतं हो?" प्रश्न चुकीचा नाहीये पण अर्धवट आहे. रिटेल म्हणजे होलसेलमधून घेतलेला माल सुटा करून गिऱ्हाईकाच्या हातात देणं, इतकं सगळ्यांना कळतं, पण त्यात कमाई मार्जिनपेक्षा माल किती वेळा फिरतो त्यावर असते.

हिशोबच करून बघा. समजा 10 हजारांची क्रीम-पावडर भरली, 80 ला घेऊन 100 ला विकली, मार्जिन म्हणजे विक्रीच्या भावातला आपला वाटा मस्त 20 टक्के, पण तो माल वर्षातून दोनदाच संपतो, म्हणजे वर्षाला सुटले 5 हजार. आता तेच 10 हजार अशा मालात टाका जो 96 ला घेऊन 100 ला जातो पण दर आठवड्याला संपतो. एका फेरीला जेमतेम 416 रुपये, पण 52 फेऱ्यांचे होतात साडेएकवीस हजारांच्या वर. म्हणून साखर, दूध, ब्रेडला नाक मुरडू नका. क्रीम पण ठेवायची, फक्त चार नग ठेवायचे, चाळीस नाही.

आता जागा. सगळे भाडं बघतात, पण भाड्याला विक्रीत बदलून बघा. भाडं 15 हजार आणि सरासरी मार्जिन 10 टक्के धरलं तर दीड लाखाची विक्री नुसत्या भाड्यासाठी, म्हणजे रोज 5 हजार, लाईटबिल आणि पोऱ्याचा पगार वेगळाच. गाळा घ्यायच्या आधी आठवडाभर सकाळी 7 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 समोर उभं राहून माणसं मोजा, लाज वाटली तर चहाच्या टपरीवर बसून मोजा. आणि रस्त्याची बाजू बघा, माणूस कामावर जाताना घाईत असतो, घरी येताना खरेदी करतो, त्यामुळे परतीच्या बाजूचा गाळा थोडा महाग पडला तरी चालेल.

मोठ्या दुकानांशी रेटवर भांडायला जाऊ नका. डीमार्टचं पहिलं दुकान 2002 मध्ये पवईत निघालं, त्यांचं गणित असं की बऱ्याच जागा स्वतःच्या मालकीच्या, सप्लायरला पैसे लवकर, त्यामुळे माल स्वस्त मिळतो आणि ते स्वस्त विकतात. तुमचं मार्जिन 10 टक्के असताना त्यांच्या बरोबरीने 5 टक्के सूट दिलीत तर तेवढाच नफा राहायला विक्री डबल करावी लागेल, होणारे का? त्यापेक्षा त्यांना जे परवडत नाही ते करा. 100 ग्रॅम शेंगदाणे सुटे द्या, रात्री साडेनऊला फोन आला तर मीठ-कोथिंबीर वर पाठवा, आजींना कुठली चहापावडर लागते ते लक्षात ठेवा. दोन-चार वस्तूंचा रेट मात्र टाईट ठेवाच, साखर, तेल, शेंगदाणे, कारण बाई त्यावरूनच ठरवते की हा दुकानदार महाग की बरा, बाकी 500 वस्तूंचे भाव कोणाला पाठ असतात!

मांडणीचं म्हणाल तर ज्याला उठाव आहे तो रोजचा माल आत ठेवा, म्हणजे आत यावं लागेल आणि येताना बाकीचं दिसेल. डोळ्यासमोर ज्यात जास्त सुटतं ते, खाली पोरांच्या हाताला लागेल असं चॉकलेट-बिस्कीट. गिऱ्हाईकाने स्वतः हाताने माल घ्यायची पद्धत अमेरिकेत मेम्फिसला 1916 मध्ये पिगली विगली नावाच्या दुकानाने आणली, त्याआधी तिकडेही आपल्यासारखंच काउंटरपलीकडून मागून घ्यायचे. तुमच्याकडे जागा कमी असेल तर काउंटरच बरा, चोरीही कमी. नवीन माल मागे आणि जुना पुढे, हे पोऱ्याला पहिल्या दिवशीच शिकवा, नाहीतर एक्सपायरीचा ढीग लागतो.

सेल्समनच्या स्कीमला भुलायचं नाही, हे मी पैसे घालवून शिकलोय. 12 वर 1 फ्री ऐकून मी एकदा केसांच्या तेलाच्या पेट्या घेतल्या. 13 नग 12 च्या भावात म्हणजे जेमतेम पावणेआठ टक्के फायदा, आणि तेल वर्षभर तसंच पडून, त्याच्यापायी दिवाळीचा रवा-बेसन भरायला हातात पैसे नव्हते.

उधारी पूर्ण बंद करता येत नाही हे मान्य, पण लिमिट ठेवा. 8 टक्के मार्जिनवर हजाराचा माल बुडाला तर तुमच्या खिशातले 920 गेले, ते भरून काढायला साडेअकरा हजारांची विक्री लागते. हा आकडा गल्ल्याच्या आत चिकटवून ठेवा, वही उघडताना दिसतो.

एमआरपीच्या वर एक रुपया घ्यायचा नाही, थंड बाटलीवर "फ्रीजचे दोन रुपये" पण नाही, ते कायद्याने चालत नाही आणि दोन रुपयांसाठी गिऱ्हाईक कायमचं तुटतं.

मार्केटिंगचा खर्च करायचाच तर एक चांगला बोर्ड, मॅपवर दुकानाची नोंद आणि सोसायट्यांची व्हॉट्सअप लिस्ट, बस. लिस्टवर रोज गुड मॉर्निंग टाकू नका, लोक म्यूट करतात. सणाच्या आठ-दहा दिवस आधी एकच मेसेज, काय आलंय आणि भाव काय. श्रावणात साबुदाणा-वरई, जूनमध्ये वह्या आणि कव्हरं, संक्रांतीला तीळ-गूळ. फक्त मागच्या वर्षीची तारीख धरून माल भरू नका. 2025 ला गणपती 27 ऑगस्टला बसले, 2026 ला अधिक महिन्यामुळे थेट 14 सप्टेंबर, जुन्या वहीवरून खोबरं आणि मोदकाचं पीठ भरलं तर 18 दिवस आधीच पैसे अडकून बसतील. त्यामुळे ऑर्डरच्या वहीशेजारी कालनिर्णय टांगा.