कयाकवरून किंवा किनाऱ्यावरून डायव्हिंग करताय? आधी परतीचं ठरवा

बोटीवरून डाइव्ह करताना वर कोणीतरी असतं. बुडबुड्यांवर लक्ष ठेवणारं, शिडी सोडणारं, भलतीकडे वर आलात तर न्यायला येणारं. किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरलात किंवा कयाक वल्हवत गेलात, तर वर कोणी नसतं. म्हणून माझ्याबरोबर पहिल्यांदा येणाऱ्याला मी सामान उतरवायच्या आधीच विचारते, ‘बाहेर कुठून पडायचं?’ उतरायची जागा लगेच दिसते. निघायची जागा मात्र शोधावी लागते, आणि ती सापडली नाही तर मी तिथे डाइव्ह करत नाही.

डायव्हिंगचं ओपन वॉटर प्रमाणपत्र आणि सोबत बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, एवढं तुमच्याकडे आहे असं धरून पुढचं लिहिते. पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर असली तरी अशा डाइव्हला मी १०-१२ मीटरच्या आसपासच राहते. तेवढ्यात हवा पुरते आणि मन शांत राहतं.

किनाऱ्यावर पोचल्यावर वीस मिनिटं नुसतं पाणी बघा. लाटा एकसारख्या येत नाहीत. चार-सहा मोठ्या लाटा लागोपाठ येतात, मग उसंत मिळते. ही उसंत किती वेळ टिकते ते घड्याळावर मोजा, कारण त्याच वेळात तुम्हाला आत शिरायचं असतं. एक फसवी गोष्ट सांगून ठेवते. सगळीकडे लाटा फुटताहेत आणि मध्येच एका पट्ट्यात पाणी शांत आहे, तिथला फेस आणि गढूळपणा समुद्राकडे चाललाय, असं दिसलं की नवख्याला ती जागा सोपी वाटते. पण किनाऱ्यावर चढलेलं पाणी तिथूनच ओढीने परत जात असतं. त्या पट्ट्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झगडत पोहू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघा, मग आत या.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक डाइव्हच्या आदल्या दिवशी बघा. जिथे दिवसातून दोनदा भरती येते, तिथे भरती आणि ओहोटीत साधारण सव्वासहा तासांचं अंतर असतं. त्यातल्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी सरकतं, म्हणजे ओढ सर्वात जास्त तेव्हाच. मी पूर्ण भरतीच्या आगेमागे उतरते. पाणी थांबलेलं असतं, बहुतेक वेळा नितळही असतं, आणि बाहेर पडायचा कातळ पाण्याच्या पातळीला असतो. त्याच कातळाकडे तीन तासांनी या, तो छातीएवढा उंच उभा असतो आणि खालचा भाग शेवाळाने निसरडा असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या आसपासचे भांगाचे दिवस सुरुवातीला बरे, कारण पाण्याची चढ-उतार कमी असते.

किनाऱ्यावरून उतरताना बीसीडीत (हवा भरून तरंगायच्या जॅकेटात) थोडी हवा, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारं यंत्र) तोंडात, मास्क डोळ्यांवर. मास्क कपाळावर सरकवून लाटांमधून चालू नका, एका फटक्यात तो जातो. फिन्स, म्हणजे पायातले पोहायचे पंख, कंबरेएवढ्या पाण्यात, बडीच्या खांद्याला धरून घाला. तळ वाळूचा असेल तर पाय उचलून टाकू नका, घासत न्या, म्हणजे वाळूत दडलेले पाकट मासे आधीच सरकतात. लाटेला छाती देऊ नका, कूस द्या. फिन्स घातल्या की मागे-मागे चाला, खांद्यावरून लाटेवर लक्ष ठेवा आणि फुटायच्या पट्ट्यात थांबू नका. पडलात तर उठायच्या भानगडीत पडू नका, तसेच पोहायला लागा. बाहेर येताना हेच सगळं उलट्या क्रमाने, फक्त रेग्युलेटर अगदी कोरड्या वाळूपर्यंत तोंडातच. गुडघाभर पाण्यात लाटेने पाडलं तर तोंडात हवा असणं फार मोलाचं असतं. मी आजही शेवटचे चार-पाच मीटर पुष्कळदा रांगत येते.

कयाकचं गणित वेगळं आहे. वर बसायचा, म्हणजे सिट-ऑन-टॉप कयाकच लागतो. आत बसायच्या कयाकवर पाण्यातून परत चढणं फार अवघड. आधी वजनाची बेरीज करा: ११ लिटरचा भरलेला ॲल्युमिनियम सिलिंडर १७ किलोंच्या आसपास, वेट्स (खाली राहायला लागणारी शिशाची वजनं), बीसीडी, रेग्युलेटर, नांगर धरून तीसेक किलो, आणि वर तुम्ही स्वतः. कयाकवर लिहिलेल्या क्षमतेच्या फार जवळ जाऊ नका. सिलिंडर सीटमागच्या खोलगट जागेत आडवा, पट्ट्याने घट्ट. वेट्स मधोमध आणि खाली. वल्ह्यापासून टॉर्चपर्यंत प्रत्येक वस्तू दोरीने बांधलेली. वल्हवताना लाइफ जॅकेट अंगात; डाइव्हच्या वेळी ते काढून कयाकलाच अडकवा. पहिल्याच दिवशी कंबरभर पाण्यात सगळं सामान बांधून कयाक मुद्दाम उलटा करा आणि सरळ करा. काय नीट बांधलेलं नव्हतं ते लगेच कळतं.

नांगराचा दोर खोलीच्या किमान तिप्पट हवा. १० मीटर पाणी तर ३० मीटर दोर, वारा असेल तर त्याहून जास्त. नांगराजवळ मीटर-दीड मीटर साखळी लावा, म्हणजे ओढ आडवी राहते आणि फाळ वाळूत रुततो. दोर कयाकच्या टोकालाच बांधा. कुशीला बांधलात तर लाट आडवी बसते आणि कयाक उलटतो. नांगर वाळूतच टाका, प्रवाळावर कधीच नाही. हाताएवढी प्रवाळाची फांदी वाढायला वर्षं लागतात आणि एका हिसक्यात ती मोडते.

वाऱ्याबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो. डायव्हरला ते जन्मभर पुरतात. पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, म्हणून किनाऱ्यालगत पाणी आरशासारखं दिसतं आणि आपण खूश होऊन निघतो. पण तोच वारा कयाकला बाहेर ढकलत असतो. एका सकाळी आम्ही दोघं ९ मीटरवर नांगर टाकून उतरलो. नांगर रुतलाय का हे तळाशी जाऊन बघायचं मी त्या दिवशी टाळलं, कारण दोर ताठ दिसत होता. चाळीस मिनिटांनी वर आलो तर कयाक दोनशे मीटर पुढे, हळूहळू लांब चाललेला. नांगर वाळूवरून घसरत गेला होता, वाळूत त्याची लांबलचक रेघ आम्हाला खाली दिसलीही होती, पण ती कसली हे तेव्हा कळलं नाही. आम्ही कयाकच्या मागे गेलो नाही. बीसीडी फुगवली, मार्कर बॉय (लांबून दिसणारी फुगवायची नळी) उभा केला आणि पाठीवर पोहत किनारा गाठला. त्याला तासभर लागला. कयाक दुपारी मासेमारीच्या एका होडीने आणून दिला. तेव्हापासून दोराला धरूनच खाली उतरते, नांगर हाताने दाबून बघते आणि मगच पुढे जाते. शक्य असेल तेव्हा तिसरा माणूस वर कयाकमध्येच बसवते.

पाण्यात उतरायचा क्रम: कयाकवर बसल्या बसल्या फिन्स आणि मास्क. मग फुगवलेली बीसीडी सिलिंडरसकट, दोरी अडकवून, पाण्यात सोडा. मग तुम्ही घसरत उतरा आणि तरंगत्या बीसीडीत शिरा. परत येताना वेट्स आधी वर, मग बीसीडी काढून दोरीला, फिन्स शेवटपर्यंत पायात. कयाकच्या मधोमध दोन्ही हात ठेवा, पाय मागे आडवे करून जोरात मारा आणि पोटावर कयाकवर या. मग वळून बसा. हातांच्या जोराने वर ओढून घ्यायला गेलात की कयाक अंगावर येतो.

खाली प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने निघा, म्हणजे परतताना पाणी मदत करतं. उतरण्याआधी कयाकवरून किनाऱ्याची दिशा होकायंत्रावर घेऊन ठेवा. वाळूवरच्या लाटांसारख्या रेघा सहसा किनाऱ्याला समांतर असतात, त्यांना काटकोनात पोहत राहिलात की उथळ पाण्याकडे किंवा खोलीकडे जाता. हवेचे तीन भाग करा: एक जायला, एक यायला, एक राखीव. सिलिंडरमधल्या हवेचा दाब २०० बार असताना सुरुवात केली तर १३५ ला वळा. वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा. किती वेट्स लागतात ते रिकामा होत आलेला सिलिंडर लावून तपासा: डाइव्हच्या शेवटी वापरलेल्या हवेमुळे तुम्ही दोनेक किलोंनी हलके झालेले असता, आणि किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात नेमकं तेव्हाच तळाशी राहता येत नाही.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. डाइव्हनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन अजून बाहेर पडत असतो. त्या वेळी वाऱ्याच्या विरुद्ध जीव खाऊन वल्हवणं डीकम्प्रेशनच्या, म्हणजे त्या नायट्रोजनचे शरीरात बुडबुडे होऊन होणाऱ्या त्रासाच्या दृष्टीने वाईट. म्हणून दमायचं ते जाताना. जागा अशी निवडा, की परतताना वारा पाठीशी येईल. वर आल्यावर दहा मिनिटं बसा, पाणी प्या, मग वल्हं उचला.

कयाकवर डायव्हरचा झेंडा लावा: निळा-पांढरा किंवा लालवर तिरपी पांढरी पट्टी. किनाऱ्यावरून उतरलात तर झेंडा लावलेला तरंगता बॉय दोरीने सोबत ओढत न्या. शिट्टी आणि मार्कर बॉय प्रत्येकाच्या अंगावर असू द्या. कयाकवर ठेवलेली शिट्टी कयाकबरोबरच जाते.

किनाऱ्यावरच्या एका माणसाला कुठून उतरणार, कुठून निघणार आणि किती वाजता परतणार हे सांगून जा. त्या वेळेनंतर अर्धा तास उलटला तर कोणाला फोन करायचा तो नंबर कागदावर लिहून त्याच्या हातात द्या. परत आलात की सामान आवरायच्या आधी त्याला ‘आलो’ म्हणून कळवा. मग रेग्युलेटर गोड्या पाण्यात धुवा, आणि नांगराचा दोर साखळीजवळ झिजलाय का ते बोट फिरवून बघा.