पिकअपचा मागचा भाग खाली घेताना या चुका टाळा

रिकामी पिकअप मागून उंच दिसते, ही तिच्या बांधणीतली उणीव नव्हे. तुर्भ्याच्या बाजार समितीतून कांदा-बटाट्याची पोती भरून निघालेली पिकअप पाहावी. तोच उंच भाग भारामुळे खाली बसून गाडी जवळपास समतल झालेली असते. मागची उंची म्हणजे भारासाठी राखलेली जागा आहे. त्यामुळे ज्यांची गाडी रोज माल वाहते त्यांनी ती मागून खाली घेण्याचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स यांसारखी पिकअप जे मुख्यतः घरगुती वापरासाठी चालवतात, त्यांच्यापुरताच हा विषय उरतो.

पहिली चूक मोजमापात होते. सोसायटीच्या उतारावर उभ्या असलेल्या गाडीचे माप निरुपयोगी असते. सपाट जागी, टायरमधली हवा योग्य ठेवून, गाडीत एरवी जेवढे सामान असते तेवढे भरून, चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर मोजावे. पुढची व मागची चाककमान मुळातच वेगळ्या उंचीची असू शकते, म्हणून चासी (गाडीचा सांगाडा) जमिनीपासून किती वर आहे तेही पाहावे. मागे थोडी उंची शिल्लक ठेवावी, कारण अगदी समतल केलेली गाडी चार माणसांचे सामान चढताच मागे झुकते.

दुसरी चूक पाट्यांची (मागच्या चाकांवरचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगची) रचना न पाहता सुटे भाग आणण्याची. पाटे हाउसिंगच्या (मागच्या अॅक्सलच्या आवरणाच्या) खालून जात असतील, तर दोन्हींच्या मध्ये बसवलेल्या ठोकळ्याने गाडी खाली येते; पाटे हाउसिंगच्या वर असतील, तर तोच ठोकळा गाडी आणखी उंच करतो. शॅकलचेही (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचेही) तसेच आहे. चासीवरून खाली लोंबणारे शॅकल लांब केले तर गाडी उचलली जाते, आणि त्याच्या लांबीतला फरक चाकापाशी गाडीच्या उंचीत साधारण निम्माच उतरतो.

काही गॅरेजांत पाटा काढून टाकण्याचा किंवा गॅसच्या ज्योतीने तापवून बसवण्याचा सोपा उपाय सुचवला जातो. तो स्वीकारू नये. तापवल्याने पोलादाचे पाणी उतरते आणि पाटा भाराखाली मोडू शकतो. मुख्य संचातला एखादा पाटा कमी केल्यास उरलेल्यांवर जास्त ताण येतो. हेल्पर पाटा (जास्त भार आल्यावरच टेकणारा जादा पाटा) तर रिकाम्या गाडीत भार घेतच नाही, त्यामुळे तो काढून उंचीत फारसा फरक पडत नाही. भार वाहण्याची क्षमता मात्र जाते.

सर्वांत गंभीर चूक ब्रेकशी संबंधित आहे, आणि तीच सर्वांत कमी वेळा तपासली जाते. अनेक पिकअपमध्ये चासी व हाउसिंग यांच्यामधल्या अंतरावरून भाराचा अंदाज घेणारा व्हॉल्व्ह असतो. अंतर कमी झाले की गाडी भरलेली आहे असे समजून तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी खाली घेतल्यावर हे अंतर कायमचेच कमी होते, त्यामुळे रिकामी गाडीही त्याला भरलेली वाटते. पावसात घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुख घाटात जोरात ब्रेक दाबल्यास मागची चाके जाम होऊन गाडी आडवी फिरू शकते. अशा गाडीत व्हॉल्व्हचा दांडा नव्या उंचीप्रमाणे कंपनीच्या माहितीपुस्तिकेनुसार जुळवल्याशिवाय ती रस्त्यावर आणू नये. ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल आणि एबीएसची वायर कुठे घासत किंवा ताणली जात नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे.

काम झाल्यावर ठरावीक वेगाला थरथर जाणवली, तर चाकांचे बॅलन्सिंग करण्याआधी प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) कोन तपासावा. शॅकल बदलल्याने हाउसिंग किंचित फिरते, दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (शाफ्टच्या वळू शकणाऱ्या सांध्यांचे) कोन जुळत नाहीत आणि कंप सुरू होतो; पाटा व हाउसिंग यांच्यामध्ये योग्य अंशाची पाचर बसवून तो जातो. गाडी तिरकी चालत असेल, तर सेंटर बोल्टचे (पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टचे) डोके आपल्या भोकात नीट बसलेले नसण्याची शक्यता आहे. स्पीडब्रेकरवर धाडकन आवाज येत असेल, तर हाउसिंग रबरी गट्टूवर (ते थेट चासीला लागू नये म्हणून बसवलेल्या रबरावर) आपटते आहे. अशा वेळी गट्टू कापून मोकळे होऊ नये. आधी शॉकअॅब्सॉर्बर पूर्ण दबून तळाला टेकतो का, ते मोजावे आणि गरज असल्यास कमी लांबीचा बसवावा.

यू-बोल्ट (पाटे हाउसिंगला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) एकदा ताणले गेले की पुन्हा वापरू नयेत. नवे बसवून ठरलेल्या टॉर्कला आवळावेत आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. शॅकलचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबरी बुश कायम पिळलेला राहून लवकर फाटतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरफारांवर बंधने आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून ठाणे किंवा वाशीच्या परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा सुटे भाग घेण्यापूर्वीच करावी. मागचा भाग खाली आला की हेडलाइटचा झोत वर जातो. तो त्याच दिवशी भिंतीसमोर गाडी उभी करून जुळवून घ्यावा.