ग्राफिक्स टॅबलेट घ्यायचाय? आधी रद्दीचा पेपर आणि कात्री घ्या

परवा भाचीचा मेसेज आला, "मामा सेल लागलाय, १६,३८४ प्रेशर लेव्हलवाला टॅबलेट आहे, घेऊन टाकू का?" मी विचारलं, तुझं टेबल केवढंय? तर तिने कपाळाला हात लावलेला इमोजी पाठवला. पण मी चेष्टा करत नव्हतो. हिचा हात कागदावर तयार झालेला, एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्ही झालेल्या, ड्रॉइंग बोर्ड मांडीवर घेऊन काढायची सवय, आणि आता एकदम कॉम्प्युटरवर जायचंय. अशा माणसाला बॉक्सवरच्या आकड्याचा काही उपयोग नसतो. टेबलावर जागा किती आणि हातात पेन कसं बसतं, हे दोन प्रश्न सुटले की निम्मी खरेदी झालीच म्हणून समजा.

आधी एक गोंधळ मिटवतो. टॅबलेट म्हणून तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे नुसती काळी पाटी, तिच्यावर पेन फिरवायचं आणि चित्र समोरच्या स्क्रीनवर उमटतं. दुसरा स्क्रीनवाला, ज्याच्या काचेवरच काढता येतं, पण तोही कॉम्प्युटरला जोडावाच लागतो (हे माहीत नसल्यामुळे लोक फसतात). तिसरा आयपॅडसारखा, स्वतःच्या पायावर उभा असलेला. पहिल्यांदा घेताय तर काळी पाटी घ्या असं माझं सरळ मत आहे. पैसे कमी लागतात, मान वर राहते, आणि हात एकीकडे नजर दुसरीकडे याची सवय दोन-तीन आठवड्यांत होते. माउस नाही का आपण खाली न बघता चालवत.

स्टेप १: पेपर कापून टेबलावर ठेवा

वेबसाइटवर 'ॲक्टिव्ह एरिया' शोधा. पेन चालतं तो भाग एवढाच, बाकी कडा आणि बटणं. वॅकॉमच्या वन बाय वॅकॉम आणि इंट्युओस या दोन्हींत स्मॉलचा एरिया साधारण १५२ बाय ९५ मिलिमीटर, म्हणजे आपल्या पोस्टकार्डापेक्षा किंचित मोठा. मीडियम २१६ बाय १३५, जवळपास ए४ कागद मधोमध दुमडल्यावर होतो तेवढा. एक्सपी-पेन डेको ०१, ह्युऑन एच६१० प्रो अशा मॉडेलांत १० बाय ६.२५ इंच मिळतो. आता रद्दीतून टॅबलेटच्या पूर्ण बॉडीच्या मापाचा तुकडा कापा, त्यावर स्केचपेनने ॲक्टिव्ह एरियाची चौकट आखा आणि टेबलावर जिथे खरंच ठेवाल तिथे चिकटवा. कीबोर्ड, चहाचा कप, वह्या सगळं रोजच्यासारखं राहू द्या आणि दोन दिवस त्यावर बंद बॉलपेन फिरवून बघा.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय. मी पहिला टॅबलेट मोठा बघून उचलला, घरी आणल्यावर कळलं की कीबोर्डच्या पुढे तो मावतच नाही, मग उजवीकडे तिरका ठेवला. तिरका ठेवला की हाताने आडवी रेघ ओढली तरी स्क्रीनवर ती चढावर जाते, ती सरळ करायच्या नादात मी खांदा वळवून बसायचो आणि आठवड्याभरात मानेला बाम. टॅबलेट स्क्रीनच्या बरोबर समोर सरळ बसायला हवा, त्यासाठी कीबोर्ड मागे सरकवा नाहीतर बाजूला घ्या.

मग मोठा चांगला की छोटा? पेन पाटीच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलं की कर्सर स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात जातो, म्हणजे पूर्ण पाटी म्हणजे पूर्ण स्क्रीन. १५.६ इंची लॅपटॉपची रुंदी साधारण साडेचौतीस सेंटीमीटर, तेव्हा स्मॉल टॅबलेटवर हात १ सेंटीमीटर हलला की कर्सर सव्वादोन सेंटीमीटर पळतो. तोच टॅबलेट २४ इंची मॉनिटरला लावला तर साडेतीन. मीडियमवर त्याच मॉनिटरला अडीचच्या आत येतो. हा आकडा जेवढा मोठा तेवढा हाताचा बारीक कंपही स्क्रीनवर मोठा दिसणार. म्हणून लॅपटॉपवर फोटो एडिटिंग, छोटी कार्टून्स, ऑनलाइन शिकवणीत गणितं सोडवणं असलं काम असेल तर स्मॉल पुरे. कोपरातून हात फिरवून लांब रेघा मारायची सवय असेल, बोर्डावर रेखाटन करणारे बहुतेक जण तसेच असतात, तर मीडियम घ्या. मोठ्या टॅबलेटचा एरिया ड्रायव्हरमधून (म्हणजे टॅबलेट चालावा म्हणून कॉम्प्युटरवर टाकायचं सॉफ्टवेअर) कमी करता येतो, पण छोट्याचा वाढवता येत नाही.

स्टेप २: पेन बघा, पेनच बघा

बॅटरीवालं पेन घेऊ नका. आता नव्या टॅबलेटांत बहुतेक पेनं बिनबॅटरीचीच असतात पण जुना स्टॉक स्वस्तात खपवला जातो. बिनबॅटरीचं पेन चालतं कसं तर पाटीखाली तारांची जाळी असते, तिच्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं, पेनमधली कॉइल त्यातूनच वीज उचलते आणि परत सिग्नल पाठवते. म्हणूनच टोक पाटीला टेकायच्या आधीच, साधारण सेंटीमीटरभर वर असतानाच कर्सर हलायला लागतो. आणि म्हणूनच पाटीवर पेन्सिल स्केचचा कागद ठेवून वरून गिरवलं तरी चालतं, ही सोय कुणी जाहिरातीत सांगत नाही.

प्रेशर लेव्हल म्हणजे दाबाच्या किती पायऱ्या पेन ओळखतं. २,०४८, ४,०९६, ८,१९२, १६,३८४ असे आकडे असतात. खरं सांगू? २,०४८ च्या पुढे आपल्या हाताला फरक कळणं अवघड आहे. फरक कळतो तो सुरुवातीच्या दाबात, म्हणजे पेन अगदी हलकं टेकवलं, मोरपीस फिरवल्यासारखं, तर रेघ उमटते का? काही पेनांना आधी दाबावं लागतं मग एकदम जाड रेघ येते. हा प्रकार ८,१९२ वाल्यातही सापडतो. आकडा मोठा पण हात जड.

टिल्ट म्हणजे पेन किती तिरकं धरलंय ते ओळखणं, बऱ्याच टॅबलेटांत ६० अंशांपर्यंत. पेन्सिल आडवी करून शेडिंग करणाऱ्यांना कामाचं, बाकीच्यांनी त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. सुलेखनवाल्यांचा प्रश्न वेगळा, कारण बोरू किंवा कट निब बोटांत फिरवून अक्षर वळवायची सवय असते आणि साधी पेनं हे फिरणं ओळखत नाहीत. त्यासाठी वॅकॉमचं आर्ट पेन आहे, पण ते महाग आहे आणि साध्या इंट्युओसवर चालत नाही, त्यामुळे सुरुवातीला ब्रशचा कोन सॉफ्टवेअरमध्ये पक्का करून काम भागवा, देवनागरी छान लिहिता येते.

स्टेप ३: जोडणार कशाला?

लॅपटॉपला यूएसबीचं कोणतं भोक आहे ते बघा. फक्त सी-टाइप असेल आणि टॅबलेटची केबल जुन्या पद्धतीची असेल तर छोटा कन्व्हर्टर लागेल. मोबाइलवर वापरायचा असेल तर मॉडेलच्या माहितीत अँड्रॉइड लिहिलंय का तपासा, आणि हेही लक्षात घ्या की फोन उभा धरला की बऱ्याच पाट्यांचा फक्त छोटा तुकडा चालतो, बाकीची पाटी बिनकामाची. डावखुरे असाल तर काळजी नको, ड्रायव्हरमध्ये पाटी १८० अंशात फिरवता येते.

चित्र काढायच्या सॉफ्टवेअरसाठी आधी खिसा रिकामा करू नका. क्रिता फुकट आहे आणि चांगलं आहे, मेडीबँगचंही फुकट व्हर्जन मिळतं.

स्टेप ४: पैसे भरायच्या आधी नुसतं पेन सर्च करा

पेन हरवलं किंवा आपटून बिघडलं तर त्याच मॉडेलचं वेगळं मिळतं का आणि केवढ्याला? सगळी पेनं सगळ्या पाट्यांवर चालत नाहीत. सेकंडहँड घेताना तर हे आधी बघा, आणि पाटीच्या मधोमध गुळगुळीत चकाकणारा पट्टा पडलाय का तेही.

स्टेप ५: आल्या दिवशीच तपासा

रिटर्नची मुदत संपायच्या आत हे उरका. जुन्या टॅबलेटचा ड्रायव्हर असेल तर आधी काढून टाका, दोन ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत. मग सेटिंगमध्ये 'फोर्स प्रपोर्शन्स' किंवा तशाच अर्थाचं काही असेल ते चालू करा. पाटीची उंची-रुंदी आणि स्क्रीनची उंची-रुंदी यांचं प्रमाण सारखं नसतं, त्यामुळे हे केलं नाही तर तुम्ही गोल काढाल आणि स्क्रीनवर बाजूला पसरलेली भाकरी येईल. पाटीवर प्लास्टिकची वाटी उपडी ठेवून कडेने पेन फिरवा, लगेच कळतं.

मग प्लास्टिकची पट्टी तिरकी ठेवून अगदी सावकाश एक रेघ ओढा. भराभर ओढलेली रेघ सगळ्यांचीच सरळ येते, सावकाश ओढल्यावर ती सापासारखी वळवळत असेल, आणि ब्रशचं स्टॅबिलायझर (थरथरती रेघ आपोआप सरळ करणारी सोय) बंद करून, चार्जर काढून बघितलं तरी तसंच असेल, तर टॅबलेट परत करा. चारही कोपऱ्यांत हे करा. दाब लागतच नसेल तर घाबरू नका, क्रितामध्ये टॅबलेट सेटिंगमध्ये जाऊन विनटॅब आणि विंडोज इंक (पेनाचा दाब विंडोज कॉम्प्युटरला कळवायच्या दोन पद्धती) यातला एक बदलून, प्रोग्राम बंद करून परत चालू करा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच होतं.

पाटी खरबरीत असेल तर निब लवकर झिजते, टोकाला तिरपी धार आली की बदला नाहीतर ओरखडे पडतील. जास्तीच्या निबा बॉक्समध्ये किंवा पेन ठेवायच्या स्टँडच्या पोटात असतात, स्टँडचं झाकण फिरवून बघा. आणि तळहाताचा घाम पाटीला चिकटत असेल तर दोन बोटांचा ग्लोव्ह विकत घेऊ नका, जुना पातळ मोजा कापून घाला. माझा तोच आहे, चार वर्षं झाली.