कुत्र्या-मांजरांचा लठ्ठपणा कसा ओळखावा आणि वजन कसे उतरवावे

कुत्र्याचे किंवा मांजराचे वजन वाढले आहे का, हे पाहण्यासाठी हाताने केलेली तपासणी सर्वांत भरवशाची असते, कारण रोज नजरेसमोर असलेला प्राणी हळूहळू जाड होत गेला तर घरच्यांच्या ते लक्षात येत नाही, आणि केस लांब असले तर दिसतही नाही. प्राणी उभा असताना दोन्ही तळवे त्याच्या बरगड्यांवर ठेवून हलकेच फिरवावेत. स्वतःच्या पंजाच्या पाठच्या बाजूवरून बोट फिरवल्यावर हाडे जेवढी जाणवतात, तेवढ्याच बरगड्या जाणवल्या तर वजन योग्य समजावे. त्या शोधायला दाब द्यावा लागत असेल तर ते जास्त आहे. वरून पाहिल्यावर कंबर आत गेलेली दिसावी. मांजराच्या पोटाखाली लोंबणारी कातडी मात्र सडपातळ मांजरांनाही असते, तेव्हा केवळ तिच्यावरून निष्कर्ष काढू नये.

पशुवैद्य हीच तपासणी 1 ते 9 अंकांच्या श्रेणीत मांडतात. कुत्र्यासाठी 4 ते 5 आणि मांजरासाठी 5 हा आदर्श अंक असून त्यापुढील प्रत्येक अंक साधारण 10 ते 15 टक्के जादा वजन दाखवतो. जादा वजनामुळे सांधे झिजतात, धाप लागते आणि विशेषतः मांजरांमध्ये मधुमेहाचा धोका वाढतो. लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न मिळालेले कुत्रे जवळजवळ 2 वर्षे अधिक जगल्याचे आढळले.

आहाराला हात लावण्यापूर्वी पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. कुत्र्यांमध्ये थायरॉइड ग्रंथी मंदावल्याने किंवा कुशिंग आजारानेही (यात शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होते) शरीर जाड दिसू लागते आणि स्टेरॉइडसारख्या औषधांनी भूक वाढते. निर्बीजीकरणानंतर ऊर्जेची गरज घटते, पण वाडग्यातले अन्न पूर्वीइतकेच राहते. वजन वाढण्याचे हे कारण अगदी नेहमीचे आहे.

अन्नाचे प्रमाण ठरवताना सध्याचे नव्हे, तर आदर्श वजन धरावे. समजा, 30 किलोच्या कुत्र्याचे आदर्श वजन 24 किलो आहे. कॅल्क्युलेटरवर 24 चा घन करून त्याचे दोनदा वर्गमूळ काढावे आणि आलेल्या 10.84 ला 70 ने गुणावे. उत्तर सुमारे 760 येते. वजन उतरवताना कुत्र्याला दिवसाला एवढ्या किलोकॅलरी देऊन सुरुवात करतात. मांजरासाठी याच पद्धतीने आलेल्या आकड्याचे 80 टक्के धरतात. कुत्र्याच्या 760 मधला जास्तीत जास्त 10 टक्के भाग, म्हणजे 76 किलोकॅलरी, खाऊसाठी ठेवल्यास 684 उरतात. पाकिटावर 100 ग्रॅमला 350 किलोकॅलरी लिहिले असेल, तर दिवसाचे कोरडे खाद्य 195 ग्रॅम होते. ते स्वयंपाकघरातील काट्यावर तोलून घ्यावे, कारण मापाच्या कपात दर वेळी कमी-जास्त होतेच. आकडा नेहमीच्या प्रमाणापेक्षा बराच कमी आला, तर तेच खाद्य नुसते घटवल्याने प्रथिने व जीवनसत्त्वे कमी पडू शकतात. अशा वेळी वजन उतरवण्यासाठी तयार केलेले, प्रथिने आणि तंतू अधिक असलेले खाद्य पशुवैद्याच्या सल्ल्याने सुरू करावे.

हा हिशेब कोलमडतो तो घरातल्या माणसांमुळे. सकाळी एकाने घातलेले दुसऱ्याला ठाऊक नसते, तिसरा ताटातला घास सरकवतो आणि प्राणी प्रत्येकासमोर तितक्याच आशेने बसतो. दिवसभराचे अन्न आणि खाऊ सकाळीच एका डब्यात तोलून ठेवावे आणि जो कोणी घालेल त्याने त्यातूनच घालावे. डबा रिकामा झाला की त्या दिवसाचे खाणे संपले. खाऊ म्हणून कुत्र्याला गाजराचे किंवा काकडीचे तुकडे चालतात. द्राक्षे, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असलेले पदार्थ विषारी असल्याने कधीही देऊ नयेत.

मांजराच्या बाबतीत घाई जिवावर बेतू शकते. लठ्ठ मांजराने खाणे सोडले तर काही दिवसांतच यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ लागते, म्हणून मांजराला उपाशी ठेवू नये आणि ते दिवसभर काहीच खात नसेल तर पशुवैद्याला गाठावे. नवे खाद्यही जुन्यात मिसळत हळूहळू बदलावे.

व्यायामाने स्नायू टिकतात आणि प्राणी उत्साही राहतो, पण केवळ त्याच्या जोरावर वजन उतरत नाही. फिरणे रोज थोडे वाढवावे. सांधे दुखत असतील तर पोहणे बरे.

वजन दर दोन आठवड्यांनी, त्याच काट्यावर करावे. कुत्र्याचे आठवड्याला 1 ते 2 टक्के आणि मांजराचे अर्धा ते 1 टक्का उतरणे पुरेसे आहे. 6 किलोच्या मांजरासाठी हे 30 ते 60 ग्रॅम होतात, जे माणसांच्या काट्यावर कळणार नाहीत; तान्ह्या बाळांचा काटा वापरावा. वरच्या उदाहरणातील कुत्र्याला 24 किलोवर यायला तीन ते पाच महिने लागतील. महिनाभर काटा हललाच नाही, तर अन्न साधारण 10 टक्क्यांनी घटवावे. आदर्श वजन गाठल्यावर अन्न तितक्याच टप्प्यांनी वाढवत न्यावे आणि वजन स्थिरावले की तिथेच थांबावे.