चालणारे मूल आणि ब्लू बॅज : इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या पालकांसाठी

अपंगत्व असलेल्या मुलाला घेऊन महाराष्ट्रातून इंग्लंडमध्ये राहायला आलेल्या पालकांना घरभाडे, शाळा आणि जीपीची (म्हणजे भागातल्या नेहमीच्या डॉक्टरांकडची) नोंदणी यांविषयी सांगणारे पुष्कळ जण भेटतात. परंतु गाडी कोठे उभी करावी आणि तेथे ती उभी केल्यावर अनोळखी माणसे काय बोलतील, हे सहसा कोणी सांगत नाही. मी चौदा वर्षे रेडिंगमध्ये राहते. माझा मुलगा अकरा वर्षांचा असून त्याला ऑटिझम आहे. तो चालतो आणि उत्तम धावतो, आणि आमची खरी अडचण तीच आहे, कारण हात सुटला की समोरून येणारी गाडी त्याच्या दृष्टीने जणू अस्तित्वातच नसते. अशा मुलांसाठीही ब्लू बॅज, म्हणजे अपंगांसाठी राखीव जागी गाडी लावू देणारे सरकारी कार्ड मिळते, हे आम्हांला उशिरा कळले आणि कळल्यावरही अर्ज करायला आम्ही जवळजवळ वर्षभर कचरलो.

हा संकोच कोठून आला, ते आधी सांगते, कारण तुमच्याही घरात तो असणार. अनोळखी माणसाने काही म्हणण्याच्या कितीतरी आधी सांगलीहून फोनवर सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, तो तर चालतो की, मग अपंगांची जागा कशाला अडवायची?" त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. दुसऱ्याचे हिसकावून घेऊ नये, हीच त्यांची शिकवण होती, आणि आपल्या नातवाला 'अपंग' हा शब्द लागू नये, ही त्यामागची धडपडही मला ऐकू येत होती. मी स्वतः तरी वेगळे काय म्हणत होते? पुढे वाहनतळावर जे ऐकून घ्यावे लागले, त्यातले बरेचसे मी आधीच स्वतःला ऐकवून झाले होते.

लोकांचा गैरसमज समजून घ्यायचा असेल, तर थोडा इतिहास पाहावा लागतो. 1970 साली आल्फ मॉरिस या खासदारांच्या पुढाकाराने अपंगांसाठीचा एक महत्त्वाचा कायदा झाला आणि त्यातून 1971 मध्ये नारिंगी बॅज सुरू झाला. त्याचा निळा बॅज 2000 साली झाला. त्यावरील चाकाच्या खुर्चीची खूण 1968 मध्ये सुझान कोफोड या डेन्मार्कच्या विद्यार्थिनीने काढलेल्या चित्रावरून आली आहे. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे येथील माणसाने खुर्चीचे चित्र पाहिले आणि गाडीतून उतरणारा मनुष्य खुर्चीत बसेल किंवा काठी टेकेल, अशी अपेक्षा धरली. 30 ऑगस्ट 2019 पासून इंग्लंडमध्ये न दिसणाऱ्या अपंगत्वांसाठीचे निकष स्पष्टपणे नियमांत आले. चित्र मात्र तेच राहिले. तुमच्या मुलाकडे बघून भुवया उंचावणारा मनुष्य बहुतेक वेळा जुन्या नियमाचा रखवालदार असतो.

आता अर्जाविषयी. अर्ज सरकारी संकेतस्थळावरून करता येतो, परंतु निर्णय तुमची स्थानिक काउन्सिल, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारखी संस्था, घेते. मूल तीन वर्षांवरील असून त्याला डीएलए या अपंगत्वासाठीच्या सरकारी भत्त्यातील हिंडण्याफिरण्याचा वरचा दर मिळत असेल, तर बॅज आपोआप मंजूर होतो. मात्र नोकरीच्या व्हिसावर आलेल्या बहुतेक कुटुंबांवर सरकारी भत्ते न घेण्याची अट असते आणि डीएलए त्या भत्त्यांत मोडतो. येथे अनेक पालक घाबरून ब्लू बॅजचाही विचार सोडून देतात. ही चूक करू नका. ब्लू बॅज हा त्या निषिद्ध भत्त्यांच्या यादीत नाही; भत्ता नसला तरी काउन्सिलकडून मूल्यमापन करून घेण्याचा मार्ग खुला असतो. वाहने, रहदारी किंवा वाहनतळाजवळ मुलाला स्वतःला किंवा इतरांना सातत्याने मोठा धोका असणे, हा त्यातील एक निकष आहे आणि आमचा अर्ज त्यावरच मंजूर झाला.

हा अर्ज भरताना आपला मराठी स्वभाव आड येतो. "तसा तो शहाणा आहे, फक्त कधीकधी पळतो" असे वाक्य आपण पाहुण्यांसमोर बोलतो आणि तेच कागदावर उतरवतो. कागदावर मात्र घडलेले प्रसंग लिहावे लागतात: गेल्या महिन्यात हात किती वेळा सुटला, कोणत्या रस्त्यावर सुटला, त्याला धरायला किती माणसे लागली, हॉर्न ऐकल्यावर तो जमिनीवर किती वेळ पडून राहिला. शाळेचे पत्र, बालरोगतज्ज्ञांचा अहवाल आणि असल्यास ईएचसीपी (विशेष गरजांच्या मुलाची शिक्षण व मदतीची अधिकृत योजना) सोबत जोडा. भारतातील दिव्यांग प्रमाणपत्रावर येथे बॅज मिळत नाही, पण तेथील डॉक्टरांचे इंग्रजी अहवाल पुरावा म्हणून जरूर पाठवा. इंग्लंडमध्ये शुल्क जास्तीत जास्त 10 पौंड असते, आणि निर्णयाला बारा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो.

बॅज हातात आला की त्याचे नियम पाठ करा, कारण लोकांच्या नजरेला नजर देण्याचे बळ शेवटी त्यातूनच येते. बॅज मुलाच्या नावाचा असतो, गाडीचा नव्हे. म्हणून तो मित्राच्या गाडीत किंवा टॅक्सीतही चालतो, आणि मूल घरी ठेवून तुम्ही एकटेच दूध आणायला गेलात तर तुमच्या स्वतःच्या गाडीतही चालत नाही. अशा गैरवापराला 1,000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. एकदा मुलाला शाळेत सोडल्यावर, बॅज डॅशबोर्डवर असताना, मुसळधार पावसात अपंगांची जागा रिकामी दिसली आणि माझा हात क्षणभर स्टिअरिंगवर रेंगाळला होता, हे मी लपवत नाही. मी गाडी पुढे नेली. बॅजबरोबर मिळणारे, हाताने फिरवायचे निळे घड्याळ, तुम्ही ज्या पाव तासात पोहोचलात तो दाखवेल असे लावायचे असते. इंग्लंडमध्ये रस्त्याकडेच्या एकेरी किंवा दुहेरी पिवळ्या रेघेवर, म्हणजे जेथे एरवी गाडी लावण्यावर बंधन असते तेथे, बॅज आणि हे घड्याळ यांमुळे तीन तासांपर्यंत थांबता येते, पण जेथे मालाच्या चढउतारालाही बंदी आहे तेथे नाही. बॅज ठेवताना मुलाचे छायाचित्र खालच्या बाजूला असले पाहिजे. सुपरमार्केट, रुग्णालये आणि खासगी वाहनतळ यांचे नियम वेगळे असतात, त्यामुळे तेथील फलक वाचल्यावाचून गाडीतून उतरू नका. मध्य लंडनमधील वेस्टमिन्स्टर, सिटी ऑफ लंडन, केन्झिंग्टन व चेल्सी आणि कॅम्डेनचा काही भाग येथेही ही योजना नेहमीप्रमाणे लागू होत नाही. दर तीन वर्षांनी नवा अर्ज करावा लागतो. बॅज आपोआप पुढे चालू होत नाही.

बॅज येऊन जेमतेम महिना झाला होता. शनिवारची सकाळ होती आणि आम्ही एका सुपरमार्केटच्या दारापाशी गाडी लावली. मुलगा कानांवर हेडफोन लावून, त्याच्या आवडत्या लाल बुटांचा वेल्क्रो उघडत आणि लावत मागे बसला होता. मी त्याचे दार उघडते न उघडते तोच ट्रॉली ढकलत आलेले एक वृद्ध गृहस्थ थांबले आणि म्हणाले, "हा तर ठणठणीत दिसतो आहे." मी बॅजकडे बोट दाखवले. त्यांनी मान हलवली आणि विचारले, "मग त्याला झाले आहे तरी काय?" मी इतकी गोंधळले, की मराठी मुलीच्या अंगवळणी पडलेल्या 'वडीलधाऱ्यांना उत्तर द्यावे' या सवयीने भराभर सगळेच सांगून टाकले: निदान कधी झाले, तो किती उशिरा बोलला, रस्त्यावर कसा धावतो. शेवटी इंग्रजीत म्हणाले, की तो चालतो, पण त्याला कळत नाही. गृहस्थांनी "ओह, सॉरी" म्हटले आणि ते निघून गेले. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणत राहण्याची सवय मुलाला तेव्हा होती. पुढचे तीन आठवडे तो आंघोळ करताना, जेवताना, झोपण्यापूर्वी माझ्याच घाईच्या स्वरात म्हणत राहिला, "तो चालतो, पण त्याला कळत नाही." हेडफोन त्याने कानांवर घातले होते, पण ते बंद होते.

तेव्हापासून मी कोणत्याही अनोळखी माणसाला मुलाचे निदान सांगत नाही आणि तुम्हीही सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काउन्सिलचा अधिकृत पार्किंग अधिकारी किंवा पोलीस यांनी बॅज तपासायला मागितला तर तो दाखवावाच लागतो. नकार देणे हा गुन्हा आहे. अधिकाऱ्याला त्याचे ओळखपत्र दाखवायला सांगण्याचा हक्क तुम्हांलाही आहे. बॅज त्याच्या हातात द्या, मूल गाडीत बसले आहे हे दाखवा; एवढे पुरते. खासगी जागेतील कर्मचाऱ्याने विचारले तर जागेची अट म्हणून त्यालाही बॅज दाखवणे शहाणपणाचे असते. ट्रॉली ढकलणाऱ्या गृहस्थांना असा कोणताही अधिकार नाही. त्यांच्यासाठी मी आता एकच वाक्य ठेवले आहे: "ही हॅज अ ब्लू बॅज, थँक यू." एवढे म्हणून मी मुलाच्या सीटबेल्टकडे वळते. आवाज चढवत नाही, कारण वरच्या पट्टीतला आवाज मुलाला आधी बिथरवतो; आणि खरे सांगायचे तर, आपल्या उच्चारांवरून विषय भलतीकडे नेणारेही काही जण भेटतात. कोणी वाट अडवली, शिवीगाळ केली किंवा मुलाच्या अपंगत्वावरून धमकावले, तर तो केवळ उद्धटपणा राहत नाही. पोलीस अशा घटनेची नोंद द्वेषमूलक म्हणून करू शकतात. तातडीचा धोका असेल तर 999, नसेल तर 101 लावा, आणि गाडीचा क्रमांक व वेळ लगेच लिहून ठेवा.

काही पालक मुलाच्या गळ्यात सूर्यफुलांची हिरवी पट्टी घालतात. 2016 मध्ये गॅटविक विमानतळावर सुरू झालेली ही खूण न दिसणाऱ्या अपंगत्वाची ओळख पटवते आणि विमानतळावर तिचा उपयोग मी स्वतः अनुभवला आहे. वाहनतळावर मात्र मी ती घालत नाही. पार्किंगचा कोणताही हक्क तिच्यातून मिळत नाही, आणि प्रत्येक बघणाऱ्याच्या समाधानासाठी मुलावर पाटी लावणे मला पटत नाही. यावर आमच्या ओळखीच्या पालकांत मतभेद आहेत.

गणपतीच्या कार्यक्रमाला सभागृहाच्या दारापाशी गाडी लावली की आपलीच माणसे हसत हसत म्हणतात, "वा, तुमची मजा आहे, जागा मिळते!" हे मला अनोळखी गृहस्थांच्या प्रश्नापेक्षा जास्त लागते, कारण येथे एका वाक्यात विषय संपवता येत नाही; त्यांच्याशी पुढच्या वर्षीही आरतीला उभे राहायचे असते. अशांना मी मुलगा दुसऱ्या खोलीत असताना, सवडीने, काय आणि कसे ते सांगते. त्यातल्या दोघी-तिघी आता आम्ही येण्यापूर्वी दारातली जागा कोणी अडवू नये म्हणून स्वतः उभ्या राहतात.

मुलगा आता घड्याळ स्वतः लावतो. आकड्यांचा त्याला भारी नाद आहे. त्या घड्याळावर पाव तासांच्याच खुणा आहेत, अकरा वाजून सात मिनिटे दाखवता येत नाहीत, यावर तो दर वेळी माझ्याशी वाद घालतो, आणि तो वाद मिटेपर्यंत आम्ही दोघेही गाडीतून उतरत नाही.